पाठीचा कणा, मज्जातंतु व मणके बसविणारे

शेतकऱ्याच्या भांडवलाची मोजदाद करितांना आपण जमीन, विहीर, गुरेंढोरें व अवजारें इतक्या बाबी धरितों. सातबाराच्या उताऱ्यांत पिकाची नोंद होते, विहिरीची होते, बांधावरच्या झाडांचीहि होते. पण ज्या पाठीच्या बळावर हा सारा संसार चालतो तिची नोंद कोठेंच नसते. ती धरली म्हणजे मगच तिची आठवण होते, आणि आठवण होतांच जो प्रथम भेटेल त्याच्या हातीं ती सोंपविण्याची घाई होते. या घाईविषयीं आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

हल्लीं मोबाईलच्या पडद्यावर एक दृश्य घरोघर पाहिलें जातें. एक मनुष्य पालथा निजलेला असतो. दुसरा त्याच्या पाठीवर हात ठेवून नेमका झटका देतो. कडकन् आवाज होतो आणि निजलेला मनुष्य हंसत उठतो. या विद्येस कायरोप्रॅक्टिक असें नांव आहे. मोठ्या शहरांतून तिचीं ठिकाणें निघालीं आहेत, आणि पुरी विद्या न शिकतां तिचें नांव लावणारेहि तालुक्याच्या गांवीं दिसूं लागले आहेत. तेथें नुसती कंबर मोकळी होईल एवढेंच सांगून कोणी थांबत नाहीं. मणका जागेवरून हलला म्हणजे मज्जातंतु दबतो, मज्जातंतु दबला म्हणजे त्या त्या अवयवास मेंदूची आज्ञा पोंचत नाहीं, आणि म्हणून मधुमेह, दमा, बहिरेपणा, अपचन इत्यादि सर्व दुखणीं मणक्यापासूनच उद्भवतात, असें विवरण करण्यांत येतें. हें विवरण ऐकणारास पटतें, कारण त्याचा अर्धा भाग खरा आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, खऱ्या अर्ध्याच्या जोरावर खोटा अर्धा विकला जाऊं नये, आणि पाठीचें रक्षण जेथें व्हावयास पाहिजे तेथें, म्हणजे शेतांत व खळ्यांत, तें व्हावें.

प्रथम खरा भाग पाहूं. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांचा खांब. मानेंत ७, छातीच्या मागें १२ व कंबरेंत ५ असे २४ मणके सुटे व हलते असतात. त्यांच्या खालचे माकडहाडापर्यंतचे मणके मोठेपणीं परस्परांस जुळून गेलेले असतात. दोन हलत्या मणक्यांच्या मध्यें चिवट गादी असते. तिच्या योगानें कणा वांकतो व हिसके सोसतो. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस हाडाचें एक कडें असतें. हीं कडीं एकाखालीं एक आल्यानें जी नळी बनते तिच्यांतून मज्जारज्जु मेंदूपासून खालीं उतरतो. मोठ्या माणसांत त्याची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर असते, आणि कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीं तो संपतो. त्याच्या पुढें नुसत्या तंतूंचा झुबका राहतो. मज्जारज्जूपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघून मणक्यांमधील फटींतून बाहेर पडतात व हातपाय, धड आणि आंतील अवयव यांच्याकडे जातात. कालव्यापासून चाऱ्या फुटाव्या व चाऱ्यांपासून शेतोशेतीं पाट जावे तशीच ही रचना आहे. फरक एवढाच कीं, कालव्याचें पाणी एकाच दिशेस वाहतें. येथें आज्ञा खालीं जाते व वेदनेची खबर वर येते.

तेव्हां चारी बुजली तर तिच्याखालचें शेत कोरडें राहील हें जसें खरें, तसेंच मज्जातंतु खरोखर दबला तर त्याच्या हद्दींतील भाग दुखेल, बधिर होईल किंवा निर्बळ होईल हेंहि खरें. १९३४ सालीं मिक्स्टर व बार या दोन अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. दोन मणक्यांमधील गादी फाटून तिचा गाभा मागें सरकला म्हणजे तो मज्जातंतूस दाबतो, आणि कंबरेपासून पायाच्या घोट्यापर्यंत कळ जाते, हें त्या निबंधानें वैद्यकाच्या ध्यानांत आणून दिलें. आपल्या वैद्यकांत जिला गृध्रसी म्हणतात ती पुष्कळदां हीच असते. येथवर कोणाचाहि वाद नाहीं.

आतां दुसरा भाग. अमेरिकेंतील आयोवा राज्यांत डॅव्हनपोर्ट म्हणून एक शहर आहे. तेथें डॅनियल डेव्हिड पामर नांवाचा गृहस्थ राहत असे. पूर्वी तो किराणा मालाचा धंदा करी; पुढें हातांतील चुंबकशक्तीनें रोग बरे करतों असें म्हणून तो उपचार करूं लागला. १८९५ च्या सप्टेंबरांत, तो ज्या इमारतींत बसे तेथें झाडलोट करणारा हार्वी लिलार्ड हा त्याच्याकडे आला. सतरा वर्षांपूर्वीं अडचणीच्या जागीं वांकून जोर करितांना पाठींत कांहीं तरी हललें व तेव्हांपासून ऐकूं येईनासें झालें, असें त्यानें सांगितलें. पामरनें पाठ चांचपली. एक मणका वर आलेला त्यास भासला. त्यानें तो झटक्यानें दाबला व लिलार्डास ऐकूं येऊं लागलें, अशी हकीकत पामरनें लिहून ठेविली आहे. १८९७ सालीं त्यानें या विद्येची शाळा काढली. पुढें १९१० सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें असा सिद्धांत मांडला कीं, शंभरांपैकीं पंचाण्णव रोग मणके सरकल्यानें होतात व उरलेले पांच इतर सांधे सरकल्यानें होतात.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. त्या खात्यांत एक जुना व शहाणा नियम आहे. अर्जदार कितीहि तळमळीनें बोलत असला तरी त्याच्या बोलण्यावर जमिनीचा फेरफार मंजूर होत नाहीं. दस्त पाहिजे, हितसंबंधीयांस नोटीस पाहिजे, हरकत आली तर चौकशी पाहिजे. एका गुंठ्याच्या नोंदीस जर इतकी शिस्त लागते, तर माणसाच्या सर्व रोगांची नोंद मणक्याच्या नांवें चढवितांना तितकी तरी शिस्त असावी कीं नाहीं? पामरच्या हकीकतीस हाच नियम लावून पाहूं. कानापासून मेंदूकडे जाणारा ऐकण्याचा मज्जातंतु कवटीच्या आंतल्या आंत जातो. पाठीच्या कोणत्याहि मणक्यांतून तो जात नाहीं. हृदय, फुप्फुसें व जठर यांच्याकडे जाणारा एक मोठा मज्जातंतु मेंदूच्या बुडाशीं निघून मानेंतून खालीं उतरतो. तोहि मणक्यांच्या नळींतून जात नाहीं. ज्या चारींतून एखाद्या शेतास पाणी मिळतच नाहीं, ती चारी उपसल्यानें त्या शेताचें पीक हिरवें झालें असें कोणी म्हणाला तर शेतकरी त्यास हंसेल. येथें मात्र तोच शेतकरी मान डोलावतो, कारण शरीराच्या आंतील चाऱ्या डोळ्यांस दिसत नाहींत.

या सिद्धांतावर रीतसर चौकशीहि झाली आहे. १९७३ सालीं येल विद्यापीठांतील शरीररचनेचे अध्यापक एडमंड क्रेलिन यांनीं नुकत्याच मृत झालेल्या माणसांचे कणे घेऊन त्यांवर मोजून दाब दिला व त्यांस पीळ दिला. कणा मोडण्याच्या बेतास येईपर्यंत मणक्याच्या हाडानें मज्जातंतु दबल्याचें त्यांस आढळलें नाहीं. ब्रिटनमध्यें या धंद्याचें नियमन करणारी कायदेशीर परिषद आहे. मणक्याच्या या मानीव च्युतीची कल्पना इतिहासजमा असून तिच्यापासून रोग होतात असें म्हणण्यास संशोधनाचा आधार नाहीं, असें त्या परिषदेनेंच २०१० सालीं जाहीर केलें. वादी स्वतःच दावा सोडून देतो तेव्हां तो दावा आपण गांवोगांव पुढें चालविण्यांत काय हंशील?

ऐकणाराच्या मनावर सर्वांत अधिक परिणाम होतो तो त्या कडकन् आवाजाचा. "हाड बसलें" असें त्यास वाटतें. वस्तुस्थिति अशी कीं, सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला म्हणजे त्या द्रवांत वायूची पोकळी उत्पन्न होते, आणि तो आवाज त्याच वेळीं होतो. २०१५ सालीं कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनीं बोटांचे सांधे ताणीत असतांनाच एमआरआय यंत्रानें त्यांचीं चित्रें घेऊन हें दाखवून दिलें. सकाळीं उठून आपण बोटें मोडतों तेव्हां जो आवाज होतो तोच हा. बोटें मोडल्यानें बोटाचें हाड बसलें असें कोणी म्हणत नाहीं.

दुसरी भुरळ आहे ती "मणक्यांत गॅप पडली" या शब्दांची. एमआरआयच्या कागदावर गादी झिजल्याचें वाचतांच धट्टाकट्टा मनुष्यहि अंथरूण धरितो. ज्यांची पाठ मुळींच दुखत नाहीं अशा माणसांच्या अशा चित्रांविषयीं अनेक देशांत पाहण्या झाल्या, व त्यांचें एकत्रित परीक्षण २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत वीस वर्षांच्या वयाच्या लोकांत शेंकडा ३७ व ऐंशी वर्षांच्या वयाच्या लोकांत शेंकडा ९६ इतक्या जणांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे गादीची झीज ही बरीचशी केस पिकण्यासारखी आहे. रोग्याचीं लक्षणें व चित्र हीं परस्परांशीं जुळतात कीं नाहीं हें जाणत्या डॉक्टरानें पाहावयाचें असतें. नुसत्या कागदावरून घाबरून जाऊं नये.

इतकें लिहिल्यावर दुसरी बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. अमेरिकेंतील डॉक्टरांच्या मुख्य संस्थेनें १९६३ सालीं एक समिति नेमून कायरोप्रॅक्टिकचा धंदा मोडून काढण्याचा उद्योग चालविला, आणि आपल्या सभासदांनीं त्या धंद्यांतील लोकांशीं व्यावसायिक संबंध ठेवूं नये असें ठरविलें. यावर चेस्टर विल्क व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं फिर्याद केली. १९८७ सालीं न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनीं तो बहिष्कार बेकायदा ठरविला, व १९९० सालीं अपिलांत तो निकाल कायम झाला. या निकालाचा दाखला देऊन "कोर्टानें आमची विद्या खरी ठरविली" असें कोणी सांगितल्यास वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, तो खटला व्यापारांतील मक्तेदारीविरुद्धच्या कायद्याखालचा होता. बहिष्कार घालण्याची रीत चुकली असें कोर्टानें सांगितलें. मणके सरकल्यानें सर्व रोग होतात असें सांगितलें नाहीं. ताबेदारास बेकायदा हुसकून लावलें म्हणून तो मालक ठरत नाहीं, हें कूळकायद्याशीं परिचित असलेल्या आमच्या वाचकांस सांगणें नको.

शिवाय, कंबरदुखीपुरता या हस्तोपचाराचा कांहीं उपयोग होतो हें वैद्यकानेंहि मान्य केलें आहे. अमेरिकेंतील फिजिशियनांच्या महाविद्यालयानें २०१७ सालीं कंबरदुखीविषयीं मार्गदर्शन केलें. त्यांत नव्या दुखण्यास शेक, मालीश इत्यादि उपायांच्या बरोबरीनें मणक्यांवरील हस्तोपचार सांगितला असून, असें नवें दुखणें बहुधा कोणताहि उपाय केला तरी कालांतरानें कमी होतें असेंहि नमूद केलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२० सालीं जगांत ६१ कोटी ९० लाख लोकांस कंबरदुखी होती. त्या संघटनेनें जुनाट कंबरदुखीविषयीं २०२३ सालीं जीं मार्गदर्शक तत्त्वें दिलीं त्यांत रोग्यास समजावून सांगणें व व्यायाम यांच्या जोडीस हस्तोपचार व मालीश यांस जागा दिली आहे. मात्र कंबरपट्टा बांधणें व वजन लावून कंबर ताणणें हे उपाय सरसकट करूं नयेत असें म्हटलें आहे. तात्पर्य, जाणत्या हाताचा झटका शेक, मालीश व व्यायाम यांच्या पंगतीस बसण्यास पात्र आहे. पंगतीच्या वर पाट मांडून बसण्यास पात्र नाहीं.

आपल्या गांवीं उसण भरली म्हणजे पायाळू माणसाचा पाय पाठीस लावून घेण्याची चाल आहे. चार दिवसांनीं उसण जाते व श्रेय पायाळूस मिळतें. उसण आपण होऊनहि गेली असती हा विचार कोणाच्या मनांत येत नाहीं. अमेरिकेंतून आलेला झटका व गांवची लाथ यांस आम्ही एकच माप लावितों. कंबर मोकळी वाटली तर आनंद आहे. पण त्यावरून मधुमेहाचें औषध बंद करणें, किंवा दम्याच्या मुलास मणके बसविण्यासाठीं नेणें, हा जीवाशीं खेळ होय.

आतां धोक्याविषयीं. पाठीचें प्रत्येक दुखणें उसण नसतें. क्षयाचे जंतु मणक्यांतहि घर करितात. पर्सिव्हॉल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्यानें १७७९ सालींच या रोगाचें वर्णन केलें होतें, व आपल्या देशांत तो आजहि आढळतो. क्षयानें पोखरलेला मणका म्हणजे वाळवी लागलेलें आढें. त्यावर झटका देणें म्हणजे मज्जारज्जूच्या अंगावर घर पाडणें होय. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याचा तरुण मुलगा पाठ दुखते म्हणून पांच महिने मणके बसविणाराकडे जात होता. संध्याकाळचा ताप व उतरत चाललेलें वजन यांकडे कोणाचेंहि लक्ष गेलें नाहीं. पाय लटपटूं लागले तेव्हां तपासणी झाली व मणक्याचा क्षय निघाला. औषधांनीं मुलगा वांचला, पायांत बळहि बरेंचसें परत आलें. परंतु नांगरामागें पूर्वीसारखा तो पुन्हां उभा राहिला नाहीं. क्षयाचीं औषधें सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. गेले ते पांच महिने मात्र कोणत्याहि दवाखान्यांत मिळत नाहींत.

म्हणून आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे कीं, पुढील लक्षणें घरांतील लहानथोरांस पाठ करून ठेवावीं. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम किंवा वजन उतरणें. रात्रीं निजल्यावरहि न थांबणारें दुखणें. झाडावरून, माडीवरून किंवा ट्रॅक्टरवरून पडल्यानंतरचें दुखणें. पूर्वीं कर्करोग झालेल्यास नव्यानें लागलेली पाठदुखी. पायांतील वाढती अशक्तता. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे लघवी अडणें किंवा तिचा व शौचाचा ताबा सुटणें, वा बैठकीची जागा बधिर होणें. यांपैकीं शेवटचें लक्षण दिसतांच त्याच दिवशीं मोठ्या रुग्णालयांत जावें. कंबरेच्या नळींतील तंतूंचा झुबका दबला असतां शस्त्रक्रियेस कांहीं तासांचाच अवकाश असतो. अशा वेळीं हाडवैद्य, पायाळू वा कायरोप्रॅक्टिक यांचें नांवहि काढूं नये.

मानेची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. मानेच्या मणक्यांच्या बाजूस छिद्रें असून त्यांतून मेंदूस रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर जातात. मानेस एकाएकीं पीळ दिल्यानें धमनीचें अस्तर फाटून तेथें रक्ताची गुठळी होण्याची व ती मेंदूंत जाऊन पक्षाघात होण्याची भीति असते. अमेरिकेंतील हृदयरोगविषयक संस्थेनें २०१४ सालीं या प्रश्नाचा विचार केला. असे प्रसंग विरळ असतात, व झटक्यामुळेंच धमनी फाटली असें प्रत्येक वेळीं सिद्ध करतां येत नाहीं, हें तिनें मान्य केलें; तथापि मानेच्या उपचारापूर्वीं रोग्यास या धोक्याची कल्पना दिली जावी असें सांगितलें. न्हाव्याच्या दुकानांत हजामत झाल्यावर मान कडकविण्याची जी हौस आपल्याकडे आहे ती या दृष्टीनें सोडून द्यावी हें बरें.

कायद्याचा आधार किती, हेंहि पाहूं. फिजिओथेरपी व तत्सम व्यवसायांचें नियमन करण्यासाठीं २०२१ सालीं आपल्या संसदेनें स्वतंत्र कायदा केला आहे. कायरोप्रॅक्टिकसाठीं आपल्या देशांत अशी कायद्यानें स्थापिलेली परिषद नाहीं. ज्या अमेरिकेंतून ही विद्या आली तेथें तिच्या पदवीस सुमारें चार वर्षांचें शिक्षण व धंदा करण्यास सरकारी परवाना लागतो. आपल्याकडे पाटी लावणारा चार वर्षें शिकला कीं चार दिवस, हें पाहण्याचें काम रोग्यावरच येऊन पडतें. बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, चाल पाहतों, खांदा पाहतों. ज्याच्या हातीं आपला कणा द्यावयाचा त्याची पदवी विचारण्यास संकोच कसला? आणि जो तपासणीपूर्वींच दहा-वीस बैठकांचे पैसे मागतो, किंवा सर्व रोग बरे करण्याची हमी देतो, त्याच्या दारावरून परत फिरावें.

येथपर्यंत औषधाचा विचार झाला. परंतु आमच्या मतें हा प्रश्न औषधाचा थोडा व कामाच्या रीतीचा फार आहे. लिलार्डची हकीकत पुन्हां पाहा. अडचणीच्या जागीं वांकून जोर करितांना पाठींत कांहीं तरी हललें, असें तो बिचारा सांगत होता. पामरनें त्यावरून कानाचा सिद्धांत काढला. वांकून जोर करण्याचा जो भाग होता तो मात्र तसाच राहून गेला. स्वीडनमधील आल्फ नाखेमसन या शास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या दशकांत जिवंत माणसांच्या कंबरेच्या गादींत सुई घालून तेथील दाब मोजला. ताठ उभे असतां जो दाब असतो तो पुढें वांकल्यानें वाढतो, आणि वांकून वजन उचलतांना तर फारच वाढतो, असें त्यास दिसून आलें. दिवसभर खुरप्यावर वांकलेली बाई व पाठीवर पोतें घेऊन फळीवरून ट्रकमध्यें चढणारा हमाल यांच्या कंबरेंत काय चाललेलें असतें, याचा अंदाज यावरून करावा.

या बाबतींत अमेरिकेंतीलच दुसरी एक गोष्ट आम्हांस पामरच्या गोष्टीहून अधिक बोधप्रद वाटते. कॅलिफोर्नियांतील शेतांत सॅलड व साखर-बीट यांचीं रोपें विरळ करण्यासाठीं आंखूड दांड्याची कुदळ वापरीत. दांडा हात-दीड हाताहून लांब नसल्यामुळें मजुरास दिवसभर दुहेरी वांकून काम करावें लागे. शेतमजुरांचे पुढारी सीझर चावेझ यांनीं तरुणपणीं ती कुदळ चालविली होती, व पुढें जन्मभर पाठीस जडलेल्या दुखण्याचें कारण तीच असें ते सांगत. मजुरांच्या वतीनें औद्योगिक सुरक्षिततेच्या खात्याकडे अर्ज झाला. डॉक्टरांनीं साक्षी दिल्या. "असुरक्षित अवजार वापरूं नये" असा नियम होता. पण असुरक्षित म्हणजे मोडकें अवजार, ही कुदळ कोठें मोडकी आहे, असा अर्थ लावून अधिकाऱ्यांनीं अर्ज फेटाळला. १९७५ च्या जानेवारींत त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें हा अर्थ फार संकुचित ठरविला. अवजार धड असलें तरी ज्या रीतीनें तें वापरावें लागतें तिच्यापासून इजा होत असेल तर तेंहि असुरक्षितच, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. त्याच वर्षीं त्या कुदळीस बंदी झाली. लांब दांड्यानें काम नीट होणार नाहीं, पीक बिघडेल, अशी तक्रार जमीनदार करीत होते. बंदी आली, दांडे लांब झाले, आणि सॅलडचें पीक त्या राज्यांत पूर्वीप्रमाणेंच निघत राहिलें.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकजण जमीनधारक आहेत. पुष्कळांकडे रोजानें मजूर लागतात, आणि खुरपणीस तर बहुधा बायकाच असतात. त्यांस आम्ही विचारतों: आपल्या खुरप्याचा दांडा किती लांब आहे? ओळींत पेरलेल्या पिकांत सायकल-कोळपें उभ्यानें चालतें. ओळींनीं लावलेल्या भातांत कोनोवीडर उभ्यानें फिरवितां येतो. रोपाच्या अगदीं बुडाशीं खुरपें लागेल हें आम्हांस कबूल आहे. पण ओळींमधील सगळी मोकळी जागा खुरप्यानेंच उकरण्याचें कारण काय? अवजारास पैसे पडतात, अशी हरकत येईल. पडतात खरे. परंतु पाठ धरलेल्या माणसाचे बुडालेले रोज, झटके देणाराची फी, तालुक्याच्या खेपा व शेवटीं एमआरआयचा खर्च, यांची बेरीज अवजाराच्या किंमतीशीं ताडून पाहावी. पाठ मजुराची म्हणून तो खर्च आपला नव्हे असें कोणाच्या मनांत येत असेल, तर त्यानें आपल्या घरच्या माणसांकडे पाहावें. आपल्या बहुतेक घरांतून खुरपें धरणारा हात घरचाच असतो. आणि मजूर जरी परका असला तरी दिवसाची मजुरी दिल्यानें त्याची जन्माची पाठ विकत घेतली असें होत नाहीं.

ओझ्याचेंहि तसेंच. १९६७ सालीं आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें ओझ्याविषयीं करार व शिफारस केली. त्या शिफारशींत एका प्रौढ पुरुषावर लादावयाचें ओझें ५५ किलोपर्यंतच ठेवावें असा दंडक सांगितला आहे, व स्त्रियांसाठीं तें पुष्कळ कमी असावें असें म्हटलें आहे. आपल्या खळ्यांत शिगोशीग भरलेलें पोतें यांत बसतें कीं नाहीं तें प्रत्येकानें एकदां कांट्यावर चढवून पाहावें. पोतें पन्नास किलोच्या आंत भरणें, तें दोघांनीं उचलणें, उचलतांना गुडघे वांकवून ओझें पोटाशीं धरणें, व जेथें हातगाडा चालतो तेथें पाठ न वापरणें, यांस खर्च थोडा व विचार अधिक लागतो.

आमच्या कृषक-मंडळास आमची सूचना अशी कीं, मंडळाच्या खर्चानें उभ्यानें चालविण्याचीं कोळपीं व कोनोवीडर घेऊन तीं सभासदांस हंगामांत भाड्यानें द्यावीं, आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या लक्षणांचा एक फलक मंडळाच्या कचेरींत व बाजारच्या ठिकाणीं लावावा. खताच्या भावाचा फलक जेथें लागतो तेथेंच हाहि लागावा. म्हणजे जो खत न्यावयास येईल त्याच्या दृष्टीस तो पडेल. येत्या सर्वसाधारण सभेपुढें ही सूचना ठेवण्याचा आमचा विचार असून, सभासदांनीं तत्पूर्वीं आपापल्या शेतावरील खुरप्यांचे दांडे व पोत्यांचीं वजनें मोजून यावें. सभेंत त्या आंकड्यांवर बोलणें होईल, आणि जो निर्णय होईल तो खुरपणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं अंमलांत आणतां येईल.